तांब्यावर बोट, औषधाचा आवाज

५ नोव्हेंबर २०२४, मंगळवार

गेला शेखर. फराळ डब्यात भरून दिला, चकल्या मोडू नयेत म्हणून वर पेपर घातला. लिफ्टचं दार बंद होता होता म्हणाला, "काकू, एक तारखेपासून जागा आहे तिथं. मी हो म्हणून ठेवलंय. तुम्ही मनाची तयारी करा."

मनाची तयारी!

तिथं म्हणजे पुण्याजवळचं ते सेवाकेंद्र. नर्सेस आहेत, व्यायामाची खोली आहे, बाग आहे. सगळे फोटो दाखवले त्याने. चांगलंच असेल. पोरगा वाईट नाही, आईला टाळायचं म्हणून हे करत नाहीये. त्याचं म्हणणं, काकू, तुम्हीच साठी ओलांडलेल्या, आईला उठवणं-बसवणं तुम्हाला किती दिवस झेपणार? हे मला पटतं. पण पुढचं जे बोलला ते लागलं. "तिला आता काही कळतच नसेल, तर इथं काय आणि तिथं काय, सारखंच ना?"

अक्का आतल्या खोलीतच होती. कान चांगले तीक्ष्ण आहेत तिचे. आतून आवाज आला, "बरं."

ऑगस्टमध्ये झटका आला, उजवी बाजू गेली आणि वाचाही गेली. तेवढा एक शब्द उरला. चहा हवा — बरं. दुखतंय — बरं. नको — बरं. शेखर माझ्याकडे बघून नुसतं म्हणाला, "बघा."

नात्याने ती माझी मोठी जाऊ, शेखरची आई. पण आमच्या दोघींत जावा-जावांसारखं काही उरलं नव्हतं कधीचंच. दोघींचे नवरे गेले. हा फ्लॅट राहिला, आणि आम्ही.

६ नोव्हेंबर

तिला कळतं. मला ठाऊक आहे. पण दाखवून कसं द्यायचं?

८ नोव्हेंबर, शुक्रवार

योगिनी मॅडमकडे गेलो होतो. वाचा गेलेल्यांना पुन्हा बोलायला शिकवतात त्या. वयाने लहान आहे, पण अक्काशी फार मायेने बोलते. तिने चित्रांचा एक छापील तक्ता पुढे ठेवला. बोलता येत नसलं तरी हवं त्या चित्रावर बोट ठेवायचं. चित्रं कसली, तर कान असलेला उंच कप, सँडविच, सोनेरी केसांचा मुलगा दात घासतोय. अक्काने तक्त्याकडे बघून तोंड असं फिरवलं, जसं भाजीवाल्याने शिळी मेथी पुढे केली तर फिरवायची.

मॅडम हसल्या. म्हणाल्या, "मावशी, तुमच्याच घरातले फोटो वापरून बघा ना. ओळखीचं चित्र लवकर पोचतं."

रिक्षात बसल्या बसल्या सुचलं! शेखरने दिवाळीला टॅबलेट आणलाय, तो तसाच खोक्यात पडून आहे. त्यावर आमच्या ओट्याचा फोटो टाकायचा. फोटोतल्या तांब्यावर बोट ठेवलं की टॅबलेटने बोलायचं, पाणी हवं. पातेल्यावर ठेवलं की, चहा हवा. हे मला येतं! मी शिकवलंय हे मुलींना!

२००१ सालची गोष्ट. ज्या कॉन्व्हेंटमध्ये शिकले तिथेच कम्प्युटरची बाई होते. शाळेची वेबसाइट करायची ठरली. मैदानातून इमारतीचा फोटो काढला, आणि त्या फोटोतल्या खिडक्यांना जागा आखून दिल्या. ज्या खिडकीवर क्लिक कराल ती खोली उघडणार. लायब्ररी, प्रयोगशाळा, चॅपल. नववीच्या मुली किंचाळल्या होत्या आनंदाने. सिस्टर ॲग्नेस तेव्हा निवृत्त होऊन कॉन्व्हेंटमध्येच राहायच्या, त्यांना मुद्दाम हाताला धरून लॅबमध्ये आणलं. आम्हाला भूगोल त्यांनीच शिकवलेला. भिंतीवर कोरा नकाशा आणि आमच्या हातात छडी. तापी कुठे म्हटलं की आम्ही लांबूनच छडी हवेत फिरवायचो. "टच इट, चाइल्ड. डोन्ट वेव्ह." त्यांनी थरथरत्या हाताने चॅपलच्या खिडकीवर क्लिक केलं आणि आतली वेदी उघडली, तेव्हा छातीवर क्रूस काढला त्यांनी! मी किती हसले होते. आज हसू नाही आलं आठवून, बरं वाटलं.

११ नोव्हेंबर, सोमवार

झालं! दोन दिवस दुसरं काही सुचलं नाही.

आधी ओटा घासूनपुसून घेतला. रोज लागणाऱ्या वस्तू डावीकडून उजवीकडे मांडल्या. डाव्या टोकाला वर देव्हारा आहेच, मग औषधांचा डबा, तांब्या, गॅसवर चहाचं पातेलं, पुढे खिडकी, आणि अगदी उजवीकडे बाहेरचं दार. हॉलमधून फोटो काढला. अक्का खुर्चीत बसून बघत होती. पातेल्याचा दांडा भिंतीकडे होता, तिने डाव्या हाताने खूण करून फिरवायला लावला. (आणि म्हणे हिला कळत नाही.)

मग माझं जुनं काम. फोटो उघडायचा, वस्तूच्या कोपऱ्यावर बाण न्यायचा, खाली आकडे दिसतात ते टिपायचे. चौकोनाला दोन कोपरे पुरतात. तांब्याला वर्तुळ, मध्य आणि त्रिज्या. देव्हाऱ्याला कळस आहे, त्याचा कोपरा न् कोपरा टिपला. बोटं विसरली नव्हती काही. इतकी वर्षं झाली तरी!

आवाज माझाच भरला. "मला चहा हवा आहे." अक्काने ऐकला आणि माझ्याकडे बघितलं, बातम्या देणाऱ्या बाईकडे बघावं तसं. ती स्वतः कधी असं बोलली असती? लग्न होऊन आले तेव्हा मला भाकरी येत नव्हती. अक्का सगळ्या बायकांत म्हणाली होती, "इंग्रजी लय येतं हिला, भाकर नाय येत." सगळ्या हसल्या. आणि रात्री सगळे निजल्यावर माझ्या मागे उभी राहून माझ्या हातांवर हात ठेवून थापायला शिकवलं. दुसऱ्या दिवशी सासूबाईंना सांगितलं, ललिताने केल्यात.

लॅपटॉपवर सगळं बिनचूक. टॅबलेटवर घेतलं तर फोटो एवढा मोठा की दार पडद्याबाहेर! मग फोटोला सांगितलं, पडद्याच्या रुंदीइतका हो. झाला. काय ऐटीत बसला चौकटीत! देव्हाऱ्यावर बोट ठेवून बघितलं, "दिवा लावायचा आहे." चाललं!

उद्यापासून अक्का बोलणार.

१३ नोव्हेंबर, बुधवार

काय लिहू.

कालपासून टॅबलेट तिच्या मांडीवर आहे. तिच्या लुळ्या बाजूने मी तिला धरून बसते, ती डाव्या हाताने बोट ठेवते. पंजा आडवा येतो, अर्धा पडदा झाकला जातो. टॅबलेट बोलतो, "औषध हवं आहे." मी गोळी आणते. ती तोंड घट्ट मिटते. पुन्हा बोट. "औषध हवं आहे." मी पुन्हा गोळी पुढे करते. ती माझा हात ढकलते. "बरं! बरं!"

संध्याकाळी "पाणी हवं आहे." दिलं. भांडं कलंडवलं तिने. साडी भिजली माझी. मग "खिडकी लावा", आणि खिडकी तर सकाळपासून बंदच आहे!

देव्हारा तेवढा बरोबर. दिवेलागणीला बोट ठेवते, "दिवा लावायचा आहे." मी लावते, ती हात जोडल्यासारखं करते. तेवढंच.

१४ नोव्हेंबर, गुरुवार

शेखरचा व्हिडिओ कॉल. मोबाइल समोर बरणीला टेकवून ठेवला, टॅबलेट तिच्या मांडीवर. त्याला फक्त तिचा चेहरा दिसत होता आणि टॅबलेटचा आवाज.

"आई, पाणी कुठंय? पाणी?"

"औषध हवं आहे."

"मग चहा? चहा दाखव."

"पाणी हवं आहे."

"आई… देव? आपला देव्हारा?"

"दिवा लावायचा आहे."

चष्मा काढून पुसला त्याने. "देव तेवढा राहिलाय, काकू." अक्का त्याच्याकडे बघत होती, मग माझ्याकडे. त्या नजरेला काय म्हणतात मला माहीत नाही. एखाद्या गावात उतरावं, रस्ता विचारावा आणि सगळ्यांनी भलतीकडेच बोट दाखवावं, तशी.

१६ नोव्हेंबर, शनिवार

योगिनी मॅडमना सगळं सांगितलं, टॅबलेट काय काय बोलला ते. त्या विचारात पडल्या. "मावशी, झटक्यानंतर कधी कधी बोलण्याबरोबर समजणंही कमी होतं. पण एवढ्यावर ठरवू नका. वेळ द्या." चांगली मुलगी आहे. पण मी तिचं पहिलं वाक्यच घरी घेऊन आले.

अक्काने आज टॅबलेटला हात लावला नाही. मांडीवर ठेवला तर कोपराने ढकलून दिला. मी पकडला म्हणून वाचला.

शेखरला फोन केला. म्हटलं, तू म्हणतोस तसं कर. ने तिला. एक तारखेला ने.

फोन ठेवला आणि न्हाणीघरात नळ सोडून रडले.

१७ नोव्हेंबर

तिची पातळं काढून ठेवली. फार आणू नका म्हणालाय.

१८ नोव्हेंबर, सोमवार

देवा! देवा! देवा!

अक्षर वाकडं येतंय, येऊ दे.

सकाळी रोजच्यासारखं तिच्या हातांना तीळतेल लावून झालं. थंडी आहे, तेल मुरेना. तिला उन्हात बसवलं आणि म्हटलं, टॅबलेट पुसून खोक्यात घालावा, शेखरला परत देता येईल. पडदा काळा होता. खिडकीपाशी नेला तर उन्हात त्यावर तेलाचे डाग दिसले. बोटांचे. फासल्यासारखे इकडेतिकडे नाही, जागच्या जागी, एकावर एक, ठळक. एक इथे, एक तिथे, मधे काच स्वच्छ. मला नवल वाटलं. फडकं तसंच हातात धरून मी पडदा सुरू केला.

डागांखाली चित्र आलं.

एक डाग बरोब्बर तांब्यावर. एक पातेल्यावर, दांड्यालाही धक्का नाही. एक दारावर. एक देव्हाऱ्यावर. औषधाच्या डब्यावर? काहीच नाही. स्वच्छ! इतके दिवस टॅबलेट औषध, औषध करत होता आणि तिने डब्याला एकदाही बोट लावलं नव्हतं!

मी माझं बोट तांब्यावर ठेवलं.

"औषध हवं आहे."

पातेल्यावर ठेवलं. "पाणी हवं आहे."

दारावर. "खिडकी लावा."

मी खाली बसले. फरशीवरच. अक्का उन्हातून बघत होती. मी टॅबलेट तिच्यासमोर धरून तांब्यावर बोट ठेवलं, तो पुन्हा "औषध" म्हणाला, आणि मी म्हटलं, "अक्का, हा खोटं बोलतो. तू बरोबर होतीस. पहिल्यापासून."

तिने माझ्याकडे बघितलं. मग "बरं!" म्हणाली. ऑगस्टपासून इतक्या वेळा ऐकलाय तो शब्द, पण असा नव्हता. आणि डाव्या हाताने माझ्या डोक्यात टपली मारली. चांगली जोरात!

मी हुशार बाई टॅबलेट काय बोलतो ते ऐकत बसले होते. बोट कुठे आहे ते बघायला हवं होतं.

१९ नोव्हेंबर, मंगळवार

दुरुस्त केलं. चूक किती साधी, आणि ती माझ्याच पिढीची. आमच्या लॅबमध्ये सगळे मॉनिटर एकसारखे, जाडजूड खोकी. फोटो जेवढा असायचा तेवढाच दिसायचा. जागा एकदा आखल्या की आखल्या. इथे मी मोठ्या ऐटीत फोटोला पडद्याइतका हो म्हटलं, तो बिचारा आक्रसला, पण जागांचे आकडे मोठ्या फोटोचेच राहिले! कापड पाण्यात आटलं आणि काजं जुन्या मापाने केली, तसं. प्रत्येक बटण शेजारच्या काजात. डावीकडचा देव्हारा कोपऱ्यातच होता, म्हणून तेवढा हलला नाही. म्हणून देव तेवढा राहिला!

फोटो किती आक्रसला ते मोजून सगळे आकडे त्याच प्रमाणात लहान करायचे, एवढंच काम. चार-पाच ओळी. मग टॅबलेटवर, लॅपटॉपवर नाही, टॅबलेटवर, माझ्या बोटाने एकेक जागा तपासली. टच इट, चाइल्ड.

अक्काच्या मांडीवर ठेवला. या वेळी समोर बसले. तिने लगेच हात उचलला नाही. पोळलेल्या माणसासारखी बघत होती त्याच्याकडे. मग हळूच पातेल्यावर.

"मला चहा हवा आहे."

केला. आलं घालून. तिने अर्धा प्यायला आणि पुन्हा पातेल्यावर बोट. "अगं आहे की समोर!" तर गालात हसली. चहा नको होता, ऐकायचं होतं.

दिवसभर आमच्या घरात चहा, पाणी, खिडकी, दिवा चाललं होतं. कालपर्यंत खाली वाजणाऱ्या प्रचाराच्या भोंग्यांपेक्षा आमचा भोंगा मोठा.

किती दिवसांनी पाठ टेकली की झोप येईल असं वाटतंय.

२० नोव्हेंबर, बुधवार

शेखरचं नाव अजून इथल्याच मतदारयादीत आहे, तेवढं बरं झालं. शाई लावलेलं बोट घेऊनच घरात शिरला. मी फोनवर मुद्दाम काही सांगितलं नव्हतं. म्हटलं, "आईसमोर बस. तिच्या बोटाकडे बघ आणि विचार."

"पाणी कुठंय, आई?" पाणी हवं आहे.

"चहा?" मला चहा हवा आहे.

"खिडकी?" खिडकी लावा.

त्याने पुन्हा पाणी विचारलं. पुन्हा चहा. पुन्हा उलटसुलट. त्याचा विश्वासच बसेना. अक्काचा पारा चढत होता, मला दिसत होतं. चौथ्यांदा "पाणी?" म्हटल्यावर तिने औषधाच्या डब्यावर बोट ठेवलं, "औषध हवं आहे", आणि तेच बोट उचलून त्याच्या छातीवर टोचलं.

"मला? मला औषध हवंय?"

"बरं!"

असा हसला पोरगा! हसता हसता आईच्या मांडीत डोकं घातलं आणि मग त्याच्या पाठीवरून कळलं की आता हसत नाहीये. ती डाव्या हाताने त्याचे केस विस्कटत राहिली. टक्कल पडत चाललंय त्याला, तिथेही.

निघण्याआधी गॅलरीत जाऊन त्याने फोन केला. जागा सोडली. "सॉरी काकू," म्हणाला. मी म्हटलं, अरे चूक माझी, आकडे मी घातलेले. रोज सकाळ-संध्याकाळ एक बाई मदतीला ठेवायची आणि त्यात तुमचं काही ऐकणार नाही, म्हणाला. ठेव म्हटलं. खरंच लागेल.

पातळं परत कपाटात लावली.

२४ नोव्हेंबर, रविवार

बयाबाई आली होती वणीहून. अक्काची धाकटी बहीण. दाणे, गूळ, कोवळी मेथी, सगळी पिशवी ओट्यावर रिकामी केली आणि अक्काशेजारी मांडी घालून बसली. अक्काने तिला टॅबलेट दाखवला, नव्या सुनेने दागिने दाखवावेत तसा. बोट ठेवलं, "मला चहा हवा आहे."

बयाबाई मागेपुढे बघायला लागली. "कोन बोललं? तू व्हय गं ललिता? आमची अक्का अशी बोलती कधी? हवा आहे म्हनं! शाळामास्तरीन झाली का ती?"

"मग कशी बोलते, तुम्हीच सांगा."

"च्या ठेव गं!"

तोच सूर! डोळे मिटले असते तर अक्काच. अक्कानेही चमकून बघितलं. मी लगेच लॅपटॉप काढला आणि सगळे आवाज बयाबाईचे भरून घेतले. ती लॅपटॉपशी असं बोलत होती जसं तो बांधापलीकडे उभा आहे. "पानी दे!" "खिडकी लाव, गार वारं येतंय!" दाराला म्हटलं, "चल, जायचं!" मी म्हटलं, बयाबाई हळू, कान फाटतील. "अगं, तू लांब सैपाकाला असती ना, ऐकू नको यायला?" म्हणाली.

मग शेखरच्या लग्नातला फोटो काढला, सगळे आहेत त्यात. ओट्याच्या चित्राखाली तोही लावला. प्रत्येक चेहऱ्याला वर्तुळ आखलं आणि बयाबाईने एकेकाचं नाव अक्का हाक मारायची तसं म्हटलं. माझं "ललिते!" दरडावून. अक्काने ते लागोपाठ किती वेळा वाजवलं! स्वयंपाकघरातून मी दर वेळी "आले आले" म्हणत होते, आणि दोघी बहिणी तोंडाला पदर लावून हसत होत्या. ऐंशीच्या घरातल्या बायका!

संध्याकाळच्या गाडीने बयाबाई गेली. अक्का बराच वेळ गॅलरीच्या दाराकडे बघत होती.

१ डिसेंबर, रविवार

"चल, जायचं!" "बयाबाई!" "ललिते!"

सकाळी अक्काने याच क्रमाने बोट ठेवलं. दार, बहीण, मी. म्हटलं, "बयाबाईकडे जायचंय? शेखरला सांगते, सोडेल तुला." तिने मान झटकली आणि पुन्हा पहिल्यापासून. दार. बहीण. माझ्या चेहऱ्यावर बोट इतकं दाबून की नख पांढरं झालं.

"मी कशाला तिकडे? आणि किती दिवस?"

माझ्याकडे बघितलं तिने. पूर्वी बघायची तस्सं. या घरात कोण कुठे जायचं, कधी निघायचं ते तीच ठरवायची, आणि आम्ही सगळे फक्त चपला घालायचो. शेखर म्हणत होता तिला पुण्याला ठेवू, मी म्हणत होते इथेच ठेवू. इतक्या दिवसांत पाणी कुठंय, चहा कुठंय सगळं विचारलं आम्ही तिला. तुला कुठे जायचंय, हे कुणीच विचारलं नाही. मीसुद्धा नाही.

उद्या शेखर गाडी घेऊन येतोय. दोघींच्या बॅगा भरल्या.